तिनं गोड खाल्लं म्हणून?



या अंकाचं संपादकीय घरकाम करणाऱ्या बायकांच्या पेन्शनवर लिहायचं, असं गटाच्या बैठकीत ठरलं होतं. चार परिच्छेद लिहूनही झाले होते. ते बाजूला ठेवलेत. मधल्या काळात आमच्या वस्तीत एक बाळंतपण झालं, आणि त्यातून निघालेला एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

ती एका खानावळीत पोळ्या लाटते. सकाळी पाच ते अकरा आणि संध्याकाळी पुन्हा चार ते नऊ. वय एकोणतीस, दुसरी खेप. तिची आई मधुमेहानं गेली. सहाव्या महिन्यात ती तपासणीला गेली तेव्हा "ग्लुकोजची पाकिटं संपलीत, पुढच्या आठवड्यात या" असं सांगण्यात आलं. पुढच्या आठवड्यात खानावळीतली दुसरी बाई गावाला गेलेली, त्यामुळे हिला सुट्टी नाही. आठवा महिना लागल्यावर पोट नको इतकं मोठं दिसायला लागलं म्हणून सोनोग्राफी झाली. पोटात पाणी जास्त निघालं आणि तेव्हा कुठे साखर तपासली गेली. २१२. केसपेपरवर 'गोड बंद' असं लिहिलं आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. बाराव्या दिवशीच पाणी गेलं. छत्तिसावा आठवडा होता. सिझर झालं.

मुलगा झाला. वजन ३ किलो ६०० ग्रॅम. दिवस अपुरे, पण वजन पाहून सगळे खूश. गुटगुटीत बाळ म्हटलं की आपल्याकडे आणखी काय पाहायचं असतं? नवरा पेढे आणायला गेला. तास-दीड तासात बाळ कण्हायला लागलं. प्रत्येक श्वासाबरोबर बारीक कण्हणं, नाकपुड्या फुललेल्या, बरगड्यांखाली खळगा पडतोय. टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली तर २८, म्हणजे फारच कमी. त्या दवाखान्यात आजारी बाळांसाठी सोय नव्हती. बापानं बाळ घेतलं आणि ॲम्ब्युलन्समधून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. आई टाके घेऊन इथेच. तिला बाळाचं तोंड पुन्हा दिसलं ते पाचव्या दिवशी.

त्या चार दिवसांत तिनं काय काय ऐकलं ते मी तिच्या खाटेशी बसून ऐकत होते. सिस्टर म्हणाली, "तोंडावर ताबा ठेवायचा नाही आणि मग बाळाला भोगायला लावायचं." चुलत सासूनं तर हिशोबच मांडला, "डोहाळजेवणात पाच पेढे खाल्ले हिनं. मी मोजलेत." नवरा काही बोलला नाही. त्याचं न बोलणंही तिला ऐकू येत होतंच.

सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, मी गोड खाल्लं म्हणून त्याचा श्वास अडकला का?"

मला उत्तर देता आलं नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी कुटुंब समुपदेशन शिकले, समुदाय संघटन शिकले, मातामृत्यूचे आकडे पाठ केले. पण आईच्या रक्तातली साखर आणि बाळाचं फुफ्फुस यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विज्ञान बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. "नाही गं, तसं काही नसतं" म्हणून तिची समजूत घालता आली असती. पण ते खोटं ठरलं असतं, कारण संबंध आहे. तो काय आहे हे समजून घेण्यात माझे बरेच दिवस गेले. जे समजलं ते इथे मांडते आहे. आपल्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी एखादी बाई हा प्रश्न विचारणार आहे.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात प्रत्येक बाईचं शरीर इन्शुलिनला थोडं दाद देईनासं होतं. हे वारेतून स्रवणाऱ्या हार्मोन्समुळे होतं आणि ते निसर्गाच्या योजनेतच आहे. आईच्या पेशींनी साखर पटकन उचलली नाही तर ती रक्तात जरा जास्त वेळ राहते आणि बाळाच्या वाट्याला येते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करून हा तोल सांभाळतं. ज्यांचं स्वादुपिंड तितकं पुरं पडत नाही, त्यांच्या रक्तात साखर वाढते. ते पुरं का पडत नाही याची कारणं घराण्यात असतात, वयात असतात, वजनात असतात, आणि कितीतरी वेळा ती बाई स्वतः आईच्या पोटात असताना तिला काय मिळालं, काय नाही, यात असतात. पाच पेढ्यांचा हिशोब यात कुठे बसवायचा ते चुलत सासूबाईंनीच सांगावं.

आता नाळेकडे येऊ. आईच्या रक्तातली साखर वार ओलांडून बाळाकडे जाते. आईचं इन्शुलिन जात नाही. सगळी गोम इथे आहे. साखर येते, पण ती वापरणारं इन्शुलिन सोबत येत नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड कामाला लागतं आणि स्वतःचं इन्शुलिन तयार करतं. साखर जितकी जास्त, तितकं इन्शुलिन जास्त. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला योर्गेन पेडरसन नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात ही मांडणी केली आणि पुढच्या संशोधनानं ती उचलून धरली. २००८ मध्ये नऊ देशांतल्या तेवीस हजारांवर गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी चढते, तसतसं बाळाचं वजन आणि नाळेच्या रक्तातली इन्शुलिनची खूणही चढत जाते. आणि हे चढणं एका ठरावीक आकड्याला सुरू होत नाही. म्हणजे 'हिला आहे, तिला नाही' अशी रेघ निसर्गानं ओढलेली नाही. रेघ आपण ओढतो, कारण उपचार कुठेतरी सुरू करावे लागतात.

पोटातल्या बाळासाठी इन्शुलिन हे वाढीचं हार्मोनच आहे. ते जास्त झालं की बाळावर चरबी चढते, खांदे भरतात, कधी हृदयाची भिंत जाड होते. म्हणून बाळ मोठं दिसतं. जन्मल्यावर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एका क्षणात थांबते, पण बाळाचं स्वादुपिंड काही त्या क्षणी थांबत नाही. ते सवयीनं इन्शुलिन ओतत राहतं आणि बाळाची साखर धाडकन खाली येते. २८ चा आकडा असा आला होता.

आणि श्वास? मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे. पोटात असताना बाळ श्वासासाठी फुफ्फुसं वापरत नाही, त्याचा प्राणवायू वारेतून येतो. फुफ्फुसांत पाणी असतं. जन्मल्यावर काही मिनिटांत त्याला लाखो बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, हवेनं उघडायचे असतात, आणि मुख्य म्हणजे श्वास सोडल्यावर ते पुन्हा मिटू द्यायचे नसतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना कशा चिकटतात ते आठवा. वायुकोश आतून ओलेच असतात, तेही तसेच चिकटू पाहतात. ते चिकटू नयेत म्हणून फुफ्फुसातल्या काही खास पेशी एक स्निग्ध पदार्थ तयार करून आतून त्याचा पातळ लेप देतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तो तयार व्हायला लागतो आणि चौतीस-पस्तीस आठवड्यांच्या पुढे पुरेसा होतो. तो कमी पडला की बाळाला प्रत्येक श्वासाला फुगा जणू पहिल्यांदाच फुगवावा लागतो. त्या कष्टाचा आवाज म्हणजे ते कण्हणं. श्वास सोडताना बाळ गळा आवळून हवा आत धरून ठेवायला बघतं. इतकंसं बाळ, पण जगण्यासाठी काय युक्ती करतं पाहा.

अशा बाळांच्या फुफ्फुसांत हा लेप नसतो, हे १९५९ मध्ये बोस्टनमध्ये दाखवून दिलं ते एका बाईनं. डॉ. मेरी एलेन एव्हरी. त्यांच्याबरोबर जेरे मीड हे सहकारी होते. तोवर डॉक्टर या बाळांच्या फुफ्फुसात दिसणाऱ्या एका पडद्यालाच रोग समजत होते. तिथे आहे ते पाहण्याऐवजी तिथे काय नाही ते एव्हरींनी पाहिलं. (घरात जे नाही ते आधी बाईच्या लक्षात येतं, असं म्हणायचा मोह होतो. पण मोहच तो.)

हा लेप तयार करण्याचा हुकूम कुठून येतो? शेवटच्या काही आठवड्यांत बाळाच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढत्या प्रमाणात सोडतात. ते फुफ्फुसातल्या आधाराच्या पेशींना सांगतं, त्या पेशी लेप करणाऱ्या पेशींना निरोप देतात, आणि काम सुरू होतं. 'चला, बाहेर पडायची वेळ आली' असा तो निरोप. पण बाळाच्या रक्तात इन्शुलिन जास्त असेल तर ते या निरोपाच्या आड येतं. कॉर्टिसॉल आहे, पेशीही आहेत, पण काम सुरू व्हायला उशीर होतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या फुफ्फुसाच्या पेशींवर हे १९७५ मध्ये दाखवलं गेलं, आणि त्या कामातही एव्हरी होत्या. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्यांच्या गटानं बोस्टनमधल्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ किती आठवड्यांचं, सिझर झालं की नाही, अशा सगळ्या गोष्टी जमेस धरूनही मधुमेही आयांच्या बाळांना या श्वासाच्या आजाराचा धोका ५.६ पट निघाला.

हा आकडा वाचून कोणी घाबरू नये. तो पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा घरी साखर मोजायची सोय नव्हती आणि मधुमेही बायकांची बाळंतपणं मुद्दाम लवकर केली जात. आज आईची साखर नीट ताब्यात असेल आणि बाळ पुऱ्या दिवसांचं असेल, तर हा धोका इतर बाळांच्या जवळपास येतो. म्हणजे बाळाच्या फुफ्फुसाला उशीर होतो तो 'मधुमेह' या शब्दानं नाही, आठवडेच्या आठवडे ताब्यात न आलेल्या साखरेनं. आणि ती ताब्यात का आली नाही, हा प्रश्न पोळ्या लाटणाऱ्या बाईला विचारायचा की पाकिटं संपलेल्या दवाखान्याला?

सिझरचाही यात वाटा असतो, तोही सांगायला हवा. कळा येतात तेव्हा बाळाच्या शरीरात ताणाची हार्मोन्स वाढतात आणि फुफ्फुसातलं पाणी शोषलं जाऊ लागतं. कळा न येताच, दिवस पुरे व्हायच्या आधी पोट फाडून बाळ काढलं तर ते पाणी तसंच राहतं आणि बाळाला धाप लागते. मधुमेह आहे म्हणून घाईनं सिझर, आणि सिझर झालं म्हणून बाळ काचेच्या पेटीत, हा फेरा आपण कितीतरी जणींच्या बाबतीत पाहिला आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलं आहे की साखर ताब्यात असेल तर ३९ आठवड्यांपर्यंत थांबावं, आणि केवळ मधुमेह हे सिझरचं कारण नाही. हे वाक्य आपण पाठ करून ठेवायला हवं.

त्याच सूचनांमधल्या बाकी गोष्टीही आपल्या कामाच्या आहेत. त्या पहिल्यांदा २०१४ मध्ये निघाल्या. प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासायची, कुणी जाड आहे म्हणून नाही की आईला होता म्हणून नाही, सगळ्यांची. पहिल्या भेटीत एकदा, आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह समजायचा. आणि यासाठी उपाशी यावं लागत नाही! जेवून आलात तरी चालतं. ही साधी पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषैया यांच्या गटानं आपल्याकडच्या बायकांचा विचार करून पुढे आणली. लांबून येणारी, पोटुशी बाई उपाशीपोटी रांगेत उभी राहू शकत नाही, एवढी गोष्ट कुणाच्या तरी लक्षात आली. तरीही कितीतरी ठिकाणी अजून "उद्या उपाशी या" म्हणून परत पाठवतात. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणार. ती येत नाही, आणि केसपेपरवर लिहिलं जातं 'रुग्ण गैरहजर'.

आता पुण्याकडे येऊ. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या शेतात राबणाऱ्या, बारीक बायका. त्यांचं सरासरी वजन पंचेचाळीस किलोच्याही आत. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत पाहा, आपली बाळं हाडामांसानं लहान असली तरी कातडीखालची चरबी त्यांनी त्या मानानं राखलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्शुलिनही चढं. याचा आपल्यासाठी अर्थ असा की बाई बारीक आहे, कष्टाची आहे, म्हणून तिला साखर नसणार हे गृहीत चालत नाही. आणि बाळ चार किलोच्या वर गेल्याशिवाय मोठं म्हणायचं नाही हे पुस्तकातलं मापही आपल्याकडे फसवं ठरतं. छत्तीस आठवड्यांच्या ३ किलो ६०० ला गुटगुटीत म्हणून पेढे वाटले गेले. तिथे कुणीतरी 'थांबा' म्हणायला हवं होतं.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं तेव्हा वाद झाला. व्हायलाच हवा होता. आमच्यातल्या एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाल्या, "आम्ही नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेराच्या इंजेक्शनांविरुद्ध उभ्या राहिलो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध लढून महाराष्ट्रात १९८८ चा कायदा करून घेतला. विनाकारण सिझर, विनाकारण गर्भाशय काढणं, सगळ्याविरुद्ध बोललो. आणि आता आपणच बायकांना सांगायचं, तपासण्या करा, सुया टोचून घ्या?"

त्यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. बाळंतपण हा आजार नव्हे, ही आपली भूमिका आहे आणि राहील. 'हाय रिस्क' हा शिक्का बसला की बाईला पुढे कोणी काही विचारत नाही, फक्त सांगतात, हे मी रोज पाहते. पण इंजेक्शन-इंजेक्शनात फरक असतो. ती गर्भनिरोधकं बायकांना नीट माहिती न देता, लोकसंख्येच्या नावाखाली दिली जात होती. इथे उलट आहे. इन्शुलिन वर्षानुवर्षं वापरात आहे, ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही, आणि ज्या बाईला ते लागतं तिला ते मिळतच नाही, ही आपली तक्रार आहे. १९२० च्या दशकात इन्शुलिन हाती येण्याआधी मधुमेही बाईला दिवस जाणं म्हणजे बहुतेकदा तिचं किंवा बाळाचं मरण होतं. बोस्टनच्याच डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी अशा बायकांची बाळंतपणं सुखरूप करण्यात जवळपास पन्नास वर्षं घालवली. 'तुला मूल होऊ द्यायचं नाही' असं न सांगता 'कसं होऊ द्यायचं ते पाहू' असं म्हणणारी डॉक्टर, ही आपल्याच परंपरेतली बाई आहे, असं मी मानते. ज्येष्ठ मैत्रिणीचं यानं पूर्ण समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, "तपासणी हक्क म्हणून मागा, पण सक्ती झाली तर मी पहिली विरोधात उभी राहीन." मान्य.

माझी अडचण वेगळीच आहे. तपासणी झाली, साखर निघाली, पुढे काय? आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत यायला हवी, नाही आली तर गोळ्या किंवा इन्शुलिन. कागदावर हे अगदी योग्य आहे. पण दवाखान्यात मिळणारा आहाराचा तक्ता मी तिच्यासोबत बसून वाचला. तीन वेळा जेवण, मधे तीन वेळा थोडं खाणं, सॅलड, डाळ, मोड आलेली कडधान्यं, ताक, भात कमी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "ताई, सकाळी पाचला चहा-खारी. अकराला खानावळीतला उरलेला भात. रात्री सगळ्यांचं झाल्यावर जे असेल ते. यात सहा वेळा कुठे बसवू?" घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भातच उरतो. डाळ-भाजी आधीच्यांनी संपवलेली असते. आणि 'रोज अर्धा तास चाला'! दहा-अकरा तास उभ्यानं पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे वाक्य वाचून दाखवताना माझाच आवाज खाली आला.

घरी इन्शुलिन ठेवायला फ्रिज लागतो, हाही अडसर सांगतात. त्यावर तोडगा आहे. मातीच्या माठात, थंड पाण्यात कोरड्या डबीत बाटली ठेवता येते. वस्तीतल्या दोघी जणी तेच करतात. खरा अडसर आहे वेळेचा, पैशांचा, आणि सुई घेताना घरातल्यांच्या नजरेचा. "सुई घेतली तर बाळाला लागेल" ही भीती सासरीही होती आणि माहेरीही. इन्शुलिन बाळापर्यंत जात नाही, साखर जाते, हे एक वाक्य कुणीतरी आधी सांगितलं असतं तर? मी स्वतःलाही विचारते. मी त्या वस्तीत आठ वर्षं काम करते आहे. शिबिरांत ॲनिमियावर बोलले, पाळीवर बोलले, हिंसेवर तर सतत. साखरेवर एकदाही नाही. तो श्रीमंतांचा आजार, अशी माझीही समजूत होती.

दिवस भरायच्या आधी कळा लागल्याच, तर बाळाच्या फुफ्फुसासाठी एक उपाय आहे, तोही आपल्याला माहीत हवा. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाऊवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. कॉर्टिसॉलचाच निरोप, पण बाहेरून दिलेला. आपल्याकडे चौतीस आठवड्यांच्या आतल्या बायकांसाठी ते सरकारी दवाखान्यात देतात आणि २०१४ पासून मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस नर्सबाईही देऊ शकतात. मधुमेही बाईला ते देता येतं, पण त्यानं तिची साखर काही दिवस चढते. म्हणून पुढचे तीन दिवस ती बारकाईनं मोजावी लागते. इंजेक्शन दिलं आणि साखर मोजलीच नाही, तर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होतं.

आणि जन्मल्यानंतर: बाळ पहिल्या तासात छातीशी, आणि त्याची साखर मोजणं. श्वास मिनिटाला साठच्या वर, कण्हणं, खळगा पडणं, निळसरपणा, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार आणि तिथवर नेणारं वाहन मोफत आहे. आमच्या या बाळाच्या बापानं ॲम्ब्युलन्सला अठराशे रुपये मोजले. पावती नाही.

बाळ वाचलं. पाच दिवस नाकाला नळी लावून हवेचा दाब दिला, श्वासनलिकेतून सरफॅक्टंटचं औषध सोडलं, सलाइनमधून साखर दिली. बाराव्या दिवशी घरी आलं. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या खाटेवर कागद-पेन घेऊन बसले आणि नाळेचं चित्र काढलं. इकडे तू, इकडे तो, मधे वार. साखर इकडून तिकडे जाते. इन्शुलिन जात नाही. त्यानं स्वतःचं तयार केलं, भरपूर केलं, आणि त्या इन्शुलिननं फुफ्फुसाचा निरोप अडवला. तिनं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तो आत एकटाच माझी साखर निस्तरत होता." डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग चित्र घडी करून उशीखाली ठेवलं. चुलत सासू आली की दाखवणार म्हणाली.

एक गोष्ट मात्र राहिलीच होती. बाळाला घरी पाठवताना त्याच्या तपासणीच्या चार तारखा लिहून दिल्या होत्या. तिच्या तपासणीची एकही नाही. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर उतरते, पण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची आणि पुढे दर वर्षी करत राहायचं, असं त्याच सूचनांमध्ये लिहिलं आहे. पण बाळ बाहेर आलं की बाईचं शरीर कुणाच्या यादीत राहत नाही. 'सुरक्षित मातृत्व' म्हणायचं आणि मोजायचं फक्त बाळाला! आमच्या गटानं या वर्षी जितक्या बाळंतिणींना विचारलं, त्यातल्या एकीलाही या तपासणीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून दोन कामं हाती घेतली आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, गटातल्या दोघी जणी आरोग्य केंद्रात जाऊन बसतात. ग्लुकोजची पाकिटं आहेत का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेत का, किती जणींना परत पाठवलं, याची वहीत नोंद करतात आणि संपलेलं असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देतात. पहिल्या महिन्यात डॉक्टर रागावल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनीच सांगितलं की पट्ट्यांची मागणी त्या सहा महिन्यांपासून वर पाठवताहेत, तुमचाही अर्ज जोडा. जोडला. तुमच्या भागात असं काही करून पाहिलं तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे. पेन्शनचा लेखही त्याच अंकात येईल.

दुसरं काम म्हणजे सहा आठवड्यांची तपासणी. तिची गेल्या मंगळवारी होती. बाळ माझ्या मांडीवर देऊन ती ग्लुकोज प्यायली, तोंड वाकडं केलं, आणि दोन तास बाकावर बसून राहिली. खानावळीत सकाळची पाळी बुडाली. बाळ तेवढा वेळ शांत झोपलं होतं. मी सारखी त्याच्या छातीकडेच पाहत होते. दोन तासांनी आकडा आला १५६. तो पूर्ण उतरलेला नाही. केसपेपर घडी करून तिनं पिशवीत ठेवला आणि विचारलं, "आता माझ्यासाठी परत कधी यायचं?"